कोहळ्याची नाडी

काल नळावर समोरच्या घरातल्या सुनेनं मला मोबाइलमधला फोटो दाखवला. काळं, गोल घड्याळ. कोणीतरी वापरून विकायला काढलेलं. तिच्या आईला बीपीचा त्रास आहे, म्हणून ती आईसाठी घेणार होती.

"काकू, तुमच्या घरी होती न अशी घडी? जुनी घेतली तर चालते का? नवी लय महाग पडते."

मी फोटो पाहिला. घागर भरली होती, ती उचलली, "पाहू" म्हणाले आणि घरी आले. पाहू म्हणजे काय, ते तिलाही कळलं नसेल आणि मलाही कळलं नाही. मला तिला जे सांगायचं होतं ते नळावर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. म्हणून इथं लिहिते.

आम्ही लोहाऱ्याला राहतो. आमचे हे एमआयडीसीत एका दाल मिलमध्ये हमाली करायचे. गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात पोतं उचलताना त्यांची छाती धडधडायला लागली ती थांबेचना. यवतमाळच्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं मला बाजूला घेऊन नीट समजावलं, की ही गोळी ठोके हळू करते. पण फार हळू झाले तर धोका. म्हणून रोज सकाळी गोळी देण्याआधी नाडी मोजायची. पन्नासच्या खाली आली तर गोळी द्यायची नाही, त्यांना घेऊन यायचं.

तिनं माझी दोन बोटं यांच्या मनगटावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दाखवला. दवाखान्यात मला जमलं. घरी आल्यावर जमेना. बोट ठेवलं की मला माझीच धडधड लागायची. काट्याकडं पाहिलं की आकडा चुकायचा, आकड्यावर लक्ष ठेवलं की काटा पुढं निघून जायचा. हे हात पुढं करून बसून राहायचे आणि माझ्या तोंडाकडं पाहायचे.

"हाव का मी अजून?" असं म्हणून हसायचे. मला रडू यायचं.

हे सगळं मी ताईला सांगितलं. माझी थोरली बहीण कळंबला दिली आहे. मी लहानपणापासून कमी बोलते. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेव्हाही गुरुजींनी काही विचारलं की मी शेजारच्या रांगेत बसलेल्या ताईकडं पाहायची आणि ती उत्तर द्यायची. दुकानात तीच बोलायची. मला पाहायला पाहुणे आले तेव्हा "मुलीला स्वयंपाक येतो का" या प्रश्नाचं उत्तरही तिनंच दिलं होतं, "येते, कुरड्या तर अशा करते का पांढऱ्या फक." लग्नानंतरही काही अडलं की मी ताईला फोन लावायची आणि ती ज्याला बोलायचं त्याला बोलायची. तिला त्याचा कधी कंटाळा आला नाही. मला वाटायचं, देवानं दोघींना मिळून एकच तोंड दिलं आणि ते ताईजवळ ठेवलं.

ताई म्हणाली, "अवं, आमच्या घरी ते हातातलं घड्याळ पडून हाय न. पोराचं जुनं. मागून हिरवा लाईट लागते, नाडी दाखवते. घेऊन जा."

मी म्हटलं, "त्याचे पैसे?"

"बहिणीजवळून पैसे घेऊ का मी? या साली माह्याकडच्या कुरड्या करून दे. माह्याच्यानं आता चीक घोटणं होत नाही."

तसं ठरलं. बहिणीची वस्तू म्हणून मी ती उलटून-पालटून पाहिली नाही. आमच्यात बहिणीनं दिलेली वस्तू कोणी तपासत नाही, ओटीत घेतो आणि डोक्याला लावतो. चैत्रात मी कळंबला जाऊन राहिले. तिची सून बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. गहू भिजवले, वाटले, चीक काढला, चुलीवर मोठ्या पातेल्यात घोटला. चीक घोटायला खांद्यात जोर लागतो, हात थांबला की गाठी होतात. गच्चीवर खाटा टाकून, धुतलेल्या लुगड्यांवर सोऱ्यानं कुरड्या पाडल्या. ताई सावलीत बसून माकडं हाकलायची आणि शेजारणींना सांगायची, "माही बहीण हाय. एका हातानं करते सारं." मला बरं वाटायचं. निघताना तिनं घड्याळ एका रुमालात बांधून माझ्या पिशवीत ठेवलं.

घड्याळाचा पट्टा बदललेला होता, जांभळा, बायकी. काचेवर एक लांब चरा होता. चार्जिंगला लावलं की संध्याकाळपर्यंत जेमतेम टिकायचं. बंद पडून पुन्हा सुरू झालं की त्यातली वेळ भलतीच यायची. ती नीट करायला ते फोनला जोडावं लागतं, आणि इतकं जुनं घड्याळ आता फोन ओळखत नाही, असं ताईच्या मुलानं फोनवर सांगितलं. "मावशी, वेळेचं सोडा, नाडीपुरतं वापरा," तो म्हणाला.

आमच्या यांना मोठी गंमत वाटली. कोणी भेटायला आलं की हात पुढं करायचे. "पाहा, घडी हाय पण वेळ सांगत नाही. मी जिता हाव का मेलो तेवढंच सांगते."

त्या गमतीत खरी गोष्ट होती. ज्याला वेळ सांगता येत नाही, त्याचं नाडीच्या बाबतीत काय ऐकायचं? पण मला ते सुचलं नाही. वेळ चुकते, कारण फोनला जोडलेलं नाही. नाडी बरोबर येते, कारण ते हाताला जोडलेलं आहे, असा मी माझ्यापुरता हिशोब लावला होता.

सुरुवातीला त्यावर कधी आकडा यायचा, कधी नुसत्या रेघा. रेघा आल्या की मी घाबरायची. ताईला फोन केला.

"त्याहीच्या हातात दोरा-बिरा हाय का काही?" तिनं विचारलं.

दोरा होता. माझ्या सासूबाईंनी माहूरच्या देवीहून आणून स्वतःच्या हातानं यांना बांधलेला. त्यानंतर काही महिन्यांत सासूबाई गेल्या. दोऱ्याचा लाल रंग उडून मातीसारखा झाला होता, पण यांनी तो अंघोळीतही काढला नव्हता.

"मंग काढ तो," ताई म्हणाली. "त्याच्यानं उजेड अडते. म्हून रेघा येते."

"देवीचा हाय, ताई. अन् मायनं बांधलेला."

"देवीले का समजत नाही? नवऱ्याचा जीव मोठा का दोरा मोठा? काप म्हणतो न मी. काही होत नाही."

यांना मी सांगितलं तेव्हा ते दोऱ्यावरून बोट फिरवत राहिले. दुसरा हात पुढं केला, "यावर बांध न घडी." पण सिस्टरनं डाव्या हाताची नाडी मोजायला शिकवलं होतं आणि माझ्या डोक्यात तेच बसलं होतं. शेवटी ते म्हणाले, "तुले बरं वाटत असन तर काप." मी कात्रीनं कापला. तुळशीच्या कुंडीत माती उकरून ठेवला. मनगटावर दोऱ्याची पांढरी खूण उमटली होती, तिच्यावर घड्याळ बांधलं, पट्टा एक घर घट्ट ओढला.

त्या दिवसापासून रेघा आल्या नाहीत. रोज सकाळी आकडा यायचा. बहात्तर. चौऱ्याहत्तर. एकाहत्तर. मी ताईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "पाह्य, मी म्हटलं नव्हतं का?" मी रोज निश्चिंत मनानं गोळी हातावर ठेवायची आणि पाण्याचा गिलास द्यायची.

त्यानंतर यांना थकवा यायला लागला. जिना नसलेल्या घरात माणूस कुठं थकणार, पण हे दारातून खाटेपर्यंत येऊन बसायचे. हात गार लागायचे. डोळ्यांसमोर अंधारी येते म्हणायचे. मी घड्याळ पाहायची. चौऱ्याहत्तर. "घडी तर बरोबर सांगून राह्यली," असं मी म्हणायची, आणि तेही मान हलवायचे. त्यांच्या तोंडाचा उतरलेला रंग मला दिसत होता. तरी त्या तोंडापेक्षा मी आकड्यावर जास्त विश्वास ठेवला.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. सकाळी गोळी घेऊन हे अंघोळीला उठले आणि मोरीपाशी जाऊन पडले. बादली उलटली, त्या आवाजानं मी धावले. डोळे उघडे होते पण मला ओळखत नव्हते. शेजारच्यांनी ऑटोत घातलं. ऑटोतही मी घड्याळ पाहत होते. बहात्तर दाखवत होतं.

दवाखान्यात तीच सिस्टर होती. तिनं मनगट धरलं, स्वतःच्या घड्याळाकडं पाहिलं आणि एकदम डॉक्टरांना हाक मारली. ठोके चाळीसच्याही खाली होते. "गोळी कधी दिली?" तिनं विचारलं. मी म्हटलं, सकाळी. "मोजून दिली?" मी यांच्या हाताकडं बोट दाखवलं. तिनं घड्याळ सोडलं आणि माझ्या हातात दिलं. रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत माणसं जमली. यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, उमरखेडकडून निघाले होते, ते संध्याकाळी पोचले. नणंद आली. ताई तर सगळ्यांत आधी आली होती, डबा घेऊन. यांना आत ठेवलं होतं, आम्ही सगळे बाहेर बाकावर. भासऱ्यांनी विचारलं, "कसं काय झालं हे? चांगले होते न?"

मी नेहमीसारखं ताईकडं पाहिलं. सांगताना मला घड्याळाचं, गोळीचं, आकड्याचं नीट सांगता आलं नसतं. तिला येतं.

ताईनं पदर तोंडाला लावला. "आता काय सांगाव, दादा," ती म्हणाली. "हिनं त्याहीच्या हातातला देवीचा दोरा कापला न. मायनं बांधलेला. मले फोनवर सांगे, तं मी म्हणो का बाई कायले कापतं वं, राहू दे. पण ऐकलं नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी तिच्याकडं पाहतच राहिले. ती माझ्याकडं पाहत नव्हती. नणंद पाहत होती.

"वहिनी," नणंद म्हणाली, "मायचा दोरा कापला तुम्ही?"

मी तोंड उघडलं. कापला होता हे खरंच होतं. पुढचं वाक्य, की कोणी सांगितलं म्हणून कापला, ते घशात आलं होतं. पण ज्या माणसाबद्दल ते बोलायचं होतं, त्याच माणसानं आजवर माझी सगळी वाक्यं बोललेली होती. मी "हो" म्हटलं. तेवढंच.

नणंद उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तेव्हापासून ती आमच्या घरी आलेली नाही.

देवीच्या कृपेनं म्हणा की डॉक्टरांच्या, हे वाचले. गोळी बंद केली, मग काही दिवसांनी दुसरी, हलकी सुरू केली. पण नाडी मोजणं सुटलं नाही. सिस्टरनं मला पुन्हा शिकवलं. "मनात नको मोजू, तोंडानं मोज. मोठ्यानं. म्हणजे चुकत नाही," ती म्हणाली. वॉर्डात एवढ्या लोकांसमोर मोठ्यानं मोजायची मला लाज वाटत होती. पहिल्यांदा ओठांतल्या ओठांत मोजलं, चुकलं. तिनं हात कमरेवर ठेवले. मग मी मोठ्यानं मोजलं. समोरच्या खाटेवरचा म्हातारा माझ्याबरोबर मोजायला लागला. बरोबर आलं.

ताईवर मी तेव्हाही पुरती रागावले नव्हते. मला वाटलं, घाबरून बोलली असेल. भासऱ्यांचा आवाज मोठा आहे, त्यांच्यासमोर कोणाचंही तोंड फिरतं. घड्याळाचं तर तिला काय माहीत, असंच मी धरून चालले होते.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला तिनं बोलावलं. यांना घरी ठेवून मी एकटीच गेले. ताईची सून माहेरून परत आली होती, बाळ पाळण्यात होतं. आम्ही दोघी मागच्या खोलीत भाज्या चिरत बसलो होतो. तिनं कोहळं पुढं ओढलं, विळीवर धरलं आणि खुदकन हसली.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"काही नाही, मावशी. कोहळं पाह्यलं का मले हसू येते. संक्रांतीच्या वेळी आमच्याकडं काय गंमत झालती, सांगू? ह्यांची ती जुनी घडी नाही का, नाडीवाली? ती भलतेच आकडे दाखवे. तं ह्यांनी ती कोहळ्याले बांधली. अन् मावशी, कोहळ्याची नाडी आली! बहात्तर! आत्याबाई तं इतक्या हसल्या, इतक्या हसल्या का डोळ्यातून पाणी. म्हणे, या कोहळ्याले दवाखान्यात नेऊ नका, तब्येत चांगली हाय."

सासूला, म्हणजे ताईला, ती आत्याबाई म्हणते. ती पुन्हा हसली. मग माझ्याकडं पाहून थांबली. "काय झालं, मावशी?"

"ते घड्याळ कुठं हाय आता?" मी विचारलं. का विचारलं, मलाच माहीत नाही.

"कोणास ठाऊक. आत्याबाईनं देऊन टाकली म्हणे कोणाले तरी."

बाहेर ताई सवाष्णींना बोलावत होती. तिचा आवाज खणखणीत आहे, पहिल्यापासून. मी उरलेलं कोहळं चिरलं. पंगत वाढली. ताईनं मला स्वतःच्या हातानं पुरणपोळीवर तूप वाढलं आणि आग्रह केला. मी खाल्लं. निघताना तिनं यांच्यासाठी डबा दिला आणि वरून कोहळ्याची एक मोठी फोड पिशवीत टाकली.

मी घरी आले तेव्हा हे झोपले होते. मी घड्याळ चार्जिंगला लावलं. सुरू झाल्यावर त्या फोडीला बांधलं, पट्टा एक घर घट्ट ओढला, जसा यांच्या हातावर ओढायची तसा. हिरवा उजेड लागला. आधी रेघा आल्या. मग चौऱ्याहत्तर.

मी खाली बसले. यांचा हात गार पडत होता, तेव्हाही हेच चौऱ्याहत्तर होते. ताई तेव्हा फोनवर "पाह्य, मी म्हटलं नव्हतं का" म्हणाली होती. तिला ठाऊक होतं; ‘नाडीपुरतं वापरा’ म्हणणाऱ्या तिच्या मुलालाही. मला दोरा काप म्हणाली तेव्हाही ठाऊक होतं. वाईट चिंतलं असेल असं मी म्हणत नाही. पडून असलेली वस्तू गेली आणि कुरड्या झाल्या, एवढाच विचार तिनं केला असेल. पण एवढाच विचार केला, हेच मला सोसत नाही.

यांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे, बहीण हाय तुही." ते सगळ्यांनाच जाऊ देतात.

समोरच्या सुनेला काय सांगू? जुनी वस्तू वाईट असते असं नाही. आमच्या घरातला पंखा जुना घेतलेला आहे, कढई जुनी आहे, यांची सायकल तर तिसऱ्या माणसाची आहे. पण पंखा बिघडला की बंद पडतो. सायकल बिघडली की चालत नाही. घड्याळ बिघडलं तरी बोलत राहतं, आणि चांगलं असताना बोलत होतं त्याच आवाजात बोलतं. वेळ पाहायला, फोन आलेला समजायला जुनं घ्यायला हरकत नाही. आईच्या जिवासाठी घ्यायचं असेल तर आधी बाजारातून कोहळं आण, त्याला बांधून पाहा. आणि देणारा कितीही जवळचा असला तरी त्याच्यासमोर बांध. आज संध्याकाळी नळावर हे तिला सांगणार आहे. सगळं नाही, कोहळ्याचं तेवढं.

आज सकाळी यांच्या मनगटावर बोटं ठेवून मोठ्यानं मोजत असताना फोन वाजला. मी मोजणं थांबवलं नाही. फोन वाजून वाजून बंद झाला. ठोके चांगले होते. गोळी दिली. तेवढ्यात पुन्हा वाजला. ताईच होती.

"फोन काहून उचलत नाही वं? गहू आणले मी. केव्हा येतं? ऊन चांगलं पडून राह्यलं."

"मी येत नाही, ताई."

"काहून? त्याहीची तब्येत बरी हाय न?"

"बरी हाय."

"मंग? कुरड्या कोण करन?"

मी यांच्याकडं पाहिलं. ते गिलास हातात धरून माझ्याकडं पाहत होते.

"तुमच्या त्या कोहळ्याले सांग करायले," मी म्हटलं. "त्याची नाडी चांगली चालते म्हणे. चीकबी तेच घोटन."

ताई गप्प राहिली आहे असं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

यांनी रिकामा गिलास माझ्याकडं दिला आणि सवयीनं पुन्हा मनगट पुढं केलं, एकदा अजून मोज म्हणून. मी बोटं ठेवली आणि काढून घेतली. माझ्याच बोटांत इतकं धडधडत होतं की त्यांचं काही लागलंच नसतं.